डावा पंख इटलीचा, उजवा स्पेनचा: युरोपवाले मिळून शस्त्रं बनवतात तेव्हा

युरोफायटर टायफून नावाचं एक लढाऊ विमान आहे. त्याचा डावा पंख इटलीत बनतो आणि उजवा स्पेनमध्ये. नाकाकडचा भाग ब्रिटनचा, मधलं धड जर्मनीचं, आणि शेपटाकडचा भाग ब्रिटन आणि इटलीने वाटून घेतलाय. आता एवढे तुकडे चार देशांत बनतात म्हटल्यावर ते जोडायला तरी एक मोठा कारखाना असेल असं वाटतं ना, तर तसंही नाहीये, जोडायचे कारखानेसुद्धा चार. ब्रिटनमध्ये वॉर्टन, जर्मनीत मांशिंग, इटलीत तुरिनजवळ कासेले आणि स्पेनमध्ये माद्रिदजवळ हेताफे. ज्याचं विमान त्याच्या अंगणात जोडायचं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं, कारण कुठलाही शहाणा कारखानदार डावा आणि उजवा पंख दोन देशांत बनवणार नाही. पण यात वेडेपणा काही नाहीये, हिशोब आहे. तो हिशोब एकदा कळला की युरोपच्या संरक्षण उद्योगाच्या अर्ध्या बातम्या आपोआप कळायला लागतात.

हे सगळं लिहायला बसलो ते मामांच्या प्रश्नामुळे. मार्च 2025 मध्ये युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी शस्त्रसज्जतेसाठी 800 अब्ज युरोचा आराखडा मांडला, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला की युरोपने 800 अब्ज युरो काढले. मामा म्हणाले, पैसा एवढा आहे, 27 देश एकत्र आहेत, नोटा एक, व्हिसा एक, मग हे लोक सगळ्यांचा मिळून एकच रणगाडा आणि एकच विमान का नाही बनवत? (नोटा सगळ्यांच्या एक नाहीत, पण असो.) आणि ते 800 अब्ज काही पेटीत ठेवलेले नव्हते, त्यातले साधारण 650 अब्ज म्हणजे प्रत्येक देशाला आपापल्या बजेटमधून, तुटीचे नियम थोडे सैल करून, खर्च करायची दिलेली मोकळीक. खरोखर एकत्रित कर्ज काढून द्यायचे ते 150 अब्ज. पण मामांचा मूळ प्रश्न बरोबरच आहे.

चार भावांचा ट्रॅक्टर

समजा चार भावांनी मिळून एक ट्रॅक्टर घ्यायचा ठरवला. एकाचा ऊस आहे, त्याला दणकट मोठा पाहिजे. दुसऱ्याची द्राक्षबाग, त्याला दोन ओळींमधून जाईल असा छोटा पाहिजे. तिसऱ्याचं म्हणणं, कुठलाही घ्या पण माझ्या मेव्हण्याच्या शोरूममधून घ्या. चौथा म्हणतो, चालवायला माझाच पोरगा बसणार. चौघांचंही बरोबर आहे. आणि शेवटी द्राक्षवाला उठून जातो आणि स्वतःचा छोटा घेतो.

1985 मध्ये अगदी हेच झालं. फ्रान्स, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली आणि स्पेन एकच लढाऊ विमान बनवायला बसले होते. ब्रिटन-जर्मनीला सोव्हिएत विमानं हवेतच अडवणारं जरा वजनदार विमान हवं होतं. फ्रान्सला मात्र ते विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरवायचं होतं, म्हणजे वजन कमी पाहिजे, सांगाडा वेगळा पाहिजे. शिवाय डिझाइनची सूत्रं दासो या आपल्या कंपनीकडे राहावीत ही अट. ऑगस्ट 1985 मध्ये फ्रान्स बाहेर पडला. उरलेल्यांनी युरोफायटर बनवलं, फ्रान्सने एकट्याने रफाल.

आणि गंमत बघा, दोन्ही विमानांना त्रिकोणी पंख, दोन्हीला पुढे छोटी पंखोटी, दोन्हीला दोन इंजिनं, लांबून बघितलं तर सख्खे भाऊ वाटतात. पण खर्च दोनदा झाला आणि मग हे दोघे भाऊ जगभर एकमेकांसमोर टेंडर भरत फिरले. आपल्याकडेही आले होते की, 126 विमानांच्या स्पर्धेत 2011 मध्ये शेवटी हेच दोन उरले आणि जानेवारी 2012 मध्ये रफालची निवड झाली. पुढे तो 126 चा सौदा बारगळला आणि 2016 मध्ये 36 विमानांचा करार झाला ते आपल्याला माहितीच आहे.

पंखांचा हिशोब

आता पंख. युरोपच्या संरक्षण वर्तुळात एक फ्रेंच शब्द सारखा ऐकू येतो, 'जुस्त रतूर'. म्हणजे ज्याने जितके पैसे घातले तितक्या रकमेचं काम त्याच्या देशातल्या कारखान्यांना मिळालं पाहिजे. ऐकायला एकदम न्याय्य. भिशीसारखं, घातले तेवढे परत.

पण यामुळे काम कोण चांगलं करतो, स्वस्तात कोण करतो हे प्रश्न मागे पडतात आणि काम कोणाच्या वाट्याचं आहे हा एकच प्रश्न उरतो. स्पेनच्या वाट्याला एक पंख येतो, इटलीच्या वाट्याला दुसरा. दोघांनीही त्यासाठी साचे, मशिनी, माणसं उभी करायची. आणि मग राजकारण्यांना एक युक्ती सापडते. कामाचा वाटा ऑर्डरच्या आकड्यावर ठरणार ना, मग सुरुवातीला आकडा फुगवून सांगा. युरोफायटरसाठी सुरुवातीला ब्रिटन 250, जर्मनी 250, इटली 165 आणि स्पेन 100 विमानं घेणार होते, एकूण 765. शीतयुद्ध संपलं, पैसे आटले, आणि आकडे 232, 180, 121 आणि 87 वर आले, म्हणजे 620. सगळ्यात जास्त जर्मनीने कापले, पण कामाचा वाटा कमी करायची वेळ आली तेव्हा जर्मनी सहजासहजी तयार होईना. लग्नाला दोनशे माणसं येणार म्हणून केटररला सांगायचं, ऐंशीच आणायची, आणि वर म्हणायचं भांडी मात्र दोनशेचीच आमच्याकडून भाड्याने घ्या.

दुसरं उदाहरण ए400एम या मालवाहू विमानाचं. 2003 मध्ये सात देशांनी मिळून 180 विमानांची ऑर्डर दिली, सुमारे 20 अब्ज युरो, ठरलेली किंमत. एअरबसला इंजिनासाठी कॅनडातल्या कंपनीची ऑफर पसंत होती, पण सरकारांनी आग्रह धरला की इंजिन युरोपियनच पाहिजे, म्हणून चार देशांतल्या कंपन्यांनी मिळून एक नवंकोरं इंजिन बनवायला घेतलं. त्या इंजिनाच्या सॉफ्टवेअरने वेळ खाल्ला, पहिलं उड्डाण डिसेंबर 2009 पर्यंत लांबलं, आणि 2010 मध्ये सरकारांना आणखी साडेतीन अब्ज युरो घालून प्रकल्प वाचवावा लागला. आज ते विमान चांगलं काम करतंय हेही खरं, पण बाळंतपण फार अवघड गेलं.

एनएच90 हेलिकॉप्टरचं दुखणं वेगळं. एकच हेलिकॉप्टर म्हणून सुरू झालं आणि प्रत्येक देशाने त्यात आपापले बदल करून घेतले, इतके की एका देशाचा सुटा भाग दुसऱ्याला बसेल याची खात्री नाही. नॉर्वेने 2001 मध्ये 14 मागवली होती, 2022 पर्यंत पूर्ण तयार अशी जेमतेम 8 हातात पडली, तेव्हा त्यांनी करारच मोडला, हेलिकॉप्टरं परत घ्या आणि आमचे पैसे द्या म्हणाले.

पण मग एअरबस कसं जमलं?

हा प्रश्न हमखास येतो. फ्रान्स-जर्मनी-ब्रिटन-स्पेनने मिळून प्रवासी विमानं बनवली आणि बोईंगला घाम फोडला, मग लढाऊ विमानात काय अडतं?

फरक गिऱ्हाइकात आहे. प्रवासी विमान विकत घेणारी एअरलाइन तुमचं राष्ट्रप्रेम बघत नाही, ती इंधन किती लागतं आणि किंमत किती एवढंच बघते. त्या धाकाने एअरबसला घरातली भांडणं आवरती घ्यावी लागली आणि 2001 मध्ये ती रीतसर एक कंपनी झाली. शस्त्रांच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणजे सरकार, आणि बऱ्याचदा दुकानाचा भागीदारही सरकारच. फ्रान्समध्ये नेव्हल ग्रुप आणि थेल्समध्ये सरकारचा हिस्सा आहे, इटलीत लिओनार्डोमध्ये आहे. स्वतःच्याच दुकानातून घ्यायचं सोडून शेजाऱ्याकडे कोण जाईल, ते पण निवडणुकीच्या वर्षात?

आणि कायदाही तशी सूट देतो. युरोपियन युनियनच्या करारात 346 नावाचं एक कलम आहे. एरवी युनियनमध्ये टेंडर सगळ्या सदस्य देशांच्या कंपन्यांना खुलं करावं लागतं, पण देशाच्या सुरक्षेच्या महत्त्वाच्या हिताचा प्रश्न असेल तर या कलमाने त्यातून सुटका मिळते. सूट अपवादासाठी होती, पण वर्षानुवर्षं ती इतकी सैल हाताने वापरली गेली की टोमॅटोपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांची बाजारपेठ एक झाली आणि रणगाड्यांची तेवढी राहिली.

असू दे ना वेगळं, बिघडलं काय?

युक्रेनमध्ये युद्ध पेटेपर्यंत हे म्हणणं खपून जात होतं. मग 2024 च्या सप्टेंबरमध्ये मारिओ द्रागी, म्हणजे इटलीचे माजी पंतप्रधान आणि त्याआधी युरोपच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख, यांचा मोठा अहवाल आला. त्यात होतं की युरोपियन युनियनचे देश 12 प्रकारचे रणगाडे चालवतात, अमेरिका एक. युक्रेनला युनियनमधल्या देशांनी तोफा पाठवल्या त्या दहा वेगवेगळ्या प्रकारच्या. आता युक्रेनच्या त्या मेकॅनिकचा विचार करा, ज्याच्यासमोर चिखलात दहा जातीच्या तोफा उभ्या आहेत, प्रत्येकीचे पार्ट वेगळे आणि काहींचे गोळेही सरसकट एकमेकींत वापरता येत नाहीत. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात ते हेच.

तोफगोळ्यांचंही तसंच झालं. मार्च 2023 मध्ये युरोपियन युनियनने युक्रेनला बारा महिन्यांत दहा लाख गोळे द्यायचा शब्द दिला. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. पैसा होता, इच्छा पण होती, पण तीस वर्षं थोडे थोडे गोळे काढणाऱ्या छोट्या छोट्या लाइन प्रत्येक देशात विखुरलेल्या, त्या एका रात्रीत मोठ्या होत नाहीत.

मग सरळ अमेरिकेकडून घ्यावं

घेतातच की. द्रागींच्या अहवालात आकडा आहे की 2022 च्या मध्यापासून वर्षभरात युनियनच्या देशांनी केलेल्या संरक्षण खरेदीपैकी 78 टक्के पैसा युनियनबाहेर गेला, त्यातला मोठा भाग, म्हणजे एकूण खरेदीच्या 63 टक्के, अमेरिकेत. हा आकडा सगळीकडे फिरतो म्हणून सांगून ठेवतो की त्यावर वाद आहे. लंडनच्या आयआयएसएस या अभ्यास संस्थेने नाटोतल्या युरोपियन देशांच्या जास्त काळातल्या खरेदीचा हिशोब मांडला तेव्हा निम्म्याहून थोडा जास्त पैसा युरोपातच राहिलेला दिसला. काय मोजता, कोणाचं मोजता आणि कधीपासून मोजता यावर बरंच ठरतं.

पण कल तर दिसतोच. जर्मनीने 2022 मध्ये एफ-35 ही अमेरिकन लढाऊ विमानं, 35 नग, घ्यायचं ठरवलं, कारण तिथे ठेवलेले अमेरिकन अणुबाँब वाहून नेणारी टॉर्नेडो विमानं म्हातारी झालीत आणि ते काम दुसऱ्या विमानाला द्यायचं तर अमेरिकेची मान्यता लागते. पोलंडने तर आणखी वेगळी वाट धरली, ऑगस्ट 2022 मध्ये दक्षिण कोरियाशी के2 रणगाड्यांचा करार केला आणि डिसेंबरमध्ये पहिले दहा बंदरात उतरले पण. चार महिने! दाराशी युद्ध असताना पोलंडला युरोपियन एकीवर व्याख्यान देणं सोपं आहे, पण तेवढ्या वेगाने माल देऊ शकेल असं युरोपियन दुकान त्या वेळी उघडं नव्हतं.

मग त्यात वाईट काय, असं विचाराल तर चिंता दोन आहेत. एक, सॉफ्टवेअर अपडेट आणि सुटे भाग ज्याच्या हातात, त्याच्या मर्जीवर बऱ्याच गोष्टी राहतात, आणि वॉशिंग्टनची मर्जी कशी बदलते ते गेल्या काही वर्षांत युरोपने जवळून बघितलंय. दुसरी, घरातले इंजिनिअर. वीस वर्षं विमान डिझाइन केलं नाही तर विमान डिझाइन करणारा माणूसच उरत नाही, आणि तो बाजारात विकत मिळत नाही.

जमलेलं काहीच नाही का?

आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली बघण्यासारखी गोष्ट तीच आहे. मिटिओर नावाचं हवेतून हवेत मारा करणारं लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र आहे. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन आणि स्वीडन, सहा देशांनी मिळून बनवलंय. आणि ते बसतं कुठे, तर युरोफायटरवर, रफालवर आणि स्वीडनच्या ग्रिपेनवर. म्हणजे जी तीन विमानं एकमेकांच्या ऑर्डरी पळवत फिरतात, त्या तिन्हींच्या पोटाखाली लटकणारं क्षेपणास्त्र एकच. आपल्या रफालबरोबरही तेच आलंय.

हे जमलं कारण इथे भाऊ ट्रॅक्टर घ्यायला बसले नव्हते, त्यांनी एक गॅरेज काढलं होतं. 2001 मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीच्या क्षेपणास्त्र कंपन्या एकत्र करून एमबीडीए नावाची एकच कंपनी बनवली. मालकी एअरबस 37.5 टक्के, ब्रिटनची बीएई 37.5 टक्के, लिओनार्डो 25 टक्के. कामाची वाटणी इथेही होते, पण ती एका छताखाली होते आणि शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेलं असतं. शिवाय क्षेपणास्त्राचा एक फायदा असा की ते विमानाएवढं मिरवायचं नसतं. 26 जानेवारीला, आपलं, 14 जुलैला पॅरिसच्या आकाशात लोक विमान बघतात, त्याच्या पोटाखाली काय लटकतंय त्यावर कोणी राष्ट्राची अब्रू टांगत नाही.

आता पुन्हा तोच ट्रॅक्टर

2017 मध्ये मॅक्रॉन आणि मर्केल यांनी जाहीर केलं की फ्रान्स आणि जर्मनी मिळून पुढच्या पिढीचं लढाऊ विमान बनवणार, 2019 मध्ये स्पेन आला. याला एफकॅस म्हणतात. नुसतं विमान नाही, सोबत उडणारे ड्रोन आणि या सगळ्यांना जोडणारं नेटवर्क, तयार व्हायचं साल 2040 च्या आसपास, आणि एकूण खर्चाचा अंदाज 100 अब्ज युरोच्या घरात.

विमानाची धुरा दासोकडे. पण समोर एअरबस जर्मनी आणि एअरबस स्पेन, दोघं मिळून दोन तृतीयांश वाटा. दासो म्हणतं, नाव माझं कर्ता म्हणून आणि मत माझं तीनात एक, असं विमान बनत नाही. एअरबस म्हणतं, पैसे आम्ही देणार आणि तुम्ही आम्हाला नुसते सप्लायर समजणार, ते चालणार नाही. फ्रान्सला अजूनही ते जहाजावर उतरवायचंय आणि आपलं अण्वस्त्र त्यावर लादायचंय, जर्मनीला यातलं काहीच नको. 2025 सालचे कित्येक महिने या भांडणातच गेले, आणि एका टप्प्यावर तर अशीही चर्चा होती की विमानं आपापली करू आणि नेटवर्क तेवढं मिळून करू. 1985 च्या मीटिंगचे मिनिट्स काढून तारीख बदलली असती तरी भागलं असतं.

दरम्यान युरोफायटरमधले जुने भागीदार ब्रिटन आणि इटली यांनी डिसेंबर 2022 मध्ये तिसराच भाऊ गाठला, जपान. त्यांच्या विमानाच्या प्रकल्पाचं नाव जीकॅप, लक्ष्य 2035.

भांडणाचं आणखी एक कारण जे कमी सांगितलं जातं, ते म्हणजे विकायची परवानगी. भागीदारीत बनवलेलं विमान तिसऱ्याला विकायचं तर भागीदारांचा होकार लागतो. सौदी अरेबियाला आणखी युरोफायटर विकायची ब्रिटनची फार इच्छा होती, जर्मनीने ते वर्षानुवर्षं अडवून धरलं आणि जानेवारी 2024 मध्ये कुठे आडकाठी काढली. फ्रान्सची विमान कंपनी परदेशी ऑर्डरींवरच जगते, कारण घरचं हवाई दल एवढी विमानं घेऊच शकत नाही. तिला हे चित्र बघून घाम फुटणारच.

नवीन पैशाने सुटेल का हे?

मे 2025 मध्ये त्या 150 अब्जांच्या कर्जाची योजना मंजूर झाली, नाव सेफ. अट अशी की मालातले किमान 65 टक्के भाग युरोपियन युनियन, युक्रेन किंवा ठरावीक जवळच्या देशांतले पाहिजेत, आणि खरेदी शक्यतो दोन-तीन देशांनी मिळून करायची. मिळून खरेदी करणं हे मिळून बनवण्यापेक्षा फार सोपं असतं. सोसायटीतल्या दहा घरांनी मिळून आंब्याच्या पेट्या मागवल्या तर भाव मिळतो, त्यासाठी दहा जणांनी मिळून बाग लावायची गरज नसते. म्हणून मला या योजनेबद्दल थोडी आशा वाटते. पण इथेही घाईपोटी सुरुवातीचं एक वर्ष एकट्या देशाला खरेदीची मुभा ठेवली, आणि मिळालेल्या मुभेचं काय होतं ते आपण कलम 346 मध्ये बघितलंच. ब्रिटनची आत येण्याची बोलणी तर नोव्हेंबर 2025 मध्ये प्रवेश फी किती यावर फिसकटली.

आपल्याला काय त्याचं?

मुंबईत माझगाव डॉकला जा, म्हणजे बाहेरूनच बघावं लागेल, पण बघा. तिथे शल्की आणि शंकुल या पाणबुड्या बांधल्या त्या जर्मन डिझाइनच्या. मग 2005 चा करार झाला आणि कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या त्या फ्रेंच डिझाइनच्या, स्कॉर्पिन. सहावी, वाघशीर, जानेवारी 2025 मध्ये नौदलात आली. ही स्कॉर्पिन मुळात एकट्या फ्रान्सची नव्हती, फ्रान्स आणि स्पेन दोघांची भागीदारी होती. पुढे स्पेनने स्वतःची एस-80 पाणबुडी वेगळी बनवायला घेतली, दोघांत वाजलं आणि 2010 च्या सुमाराला भागीदारी मोडली. एकट्याने बनवताना 2013 मध्ये स्पेनच्या लक्षात आलं की पाणबुडीचं वजन प्रमाणाबाहेर गेलंय, मग ती तरंगावी म्हणून दहा मीटर लांब केली, आणि लांब केल्यावर लक्षात आलं की आता ती गोदीत मावत नाही, मग गोदी वाढवायला लागली. पहिली पाणबुडी स्पॅनिश नौदलाला मिळाली 2023 च्या शेवटी, तीसुद्धा एआयपीशिवाय. एआयपी म्हणजे वर हवा घ्यायला न येता बरेच दिवस पाण्याखाली राहायची यंत्रणा.

आणि आपल्या नौदलाने पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी जी स्पर्धा लावली त्यात अट होती की एआयपी प्रत्यक्ष समुद्रात चालवून सिद्ध झालेली पाहिजे. जर्मन कंपनी माझगाव डॉकबरोबर होती, स्पॅनिश कंपनी एल अँड टीबरोबर. स्पेनवाल्यांची यंत्रणा तोपर्यंत जमिनीवरच्या चाचणी केंद्रात चालत होती. 2025 च्या जानेवारीत ते स्पर्धेतून बाद झाले, आणि माझगावात परत जर्मन डिझाइनची बोलणी सुरू झाली.